बंद संकेतस्थळे, प्रॉक्सीचा चोरदरवाजा आणि आपला कारोबार

सिटी चौक, शहागंज, गुलमंडी या भागातील कोणत्याही कापडाच्या दुकानात घटकाभर बसावे. दिवसातून एकदा तरी हा संवाद कानी पडतोच. गल्ल्यावरचा बुजुर्ग चष्मा पुसत विचारतो, "अरे, ही साइट का उघडत नाही?" थानांच्या ढिगाआडून एखादा पोरगा मान वर न करता सांगतो, "मामू, प्रॉक्सी डालो ना." दोन मिनिटांत साइट उघडते. बुजुर्ग खूश, पोरगाही खूश. पैसा लागला नाही, कोणाच्या दारात जावे लागले नाही. या "प्रॉक्सी डालो ना"बद्दल आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजले आहे, कारण त्याची किंमत आम्ही रोख मोजलेली आहे.

आरंभीच एक कबुली. आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी आम्ही बाजारात शिकलो, इंग्रजी बिलांवर आणि बिल्टीवर, आणि मोबाईल-संगणक भाच्याकडून. तेव्हा जाणकारांनी येथे यंत्रशास्त्राची अपेक्षा ठेवू नये. आम्हाला जे समजले ते तिजारतीच्या भाषेत समजले आणि त्याच भाषेत सांगत आहोत.

भिंत म्हणजे काय, हे आपल्या शहराला शिकवावे लागत नाही. औरंगजेबाच्या काळात, १६८२ साली, शहराभोवती तट उभा राहिला. दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण दरवाजा, रोशन दरवाजा ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. आत यायचे तर दरवाजातून या, असा त्या तटाचा कायदा. इंटरनेटवर ज्याला फायरवॉल म्हणतात तो असाच तट होय. तो कधी कॉलेजच्या संगणक कक्षाभोवती असतो, कधी एखाद्या कंपनीच्या कार्यालयाभोवती, तर कधी चीनसारख्या आख्ख्या देशाभोवती. आपल्या देशात मात्र एकच मोठा तट नाही. सरकार किंवा कोर्ट आदेश देते आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या आपापल्या जाळ्यात तो पत्ता बंद करतात. म्हणूनच एकाच दुकानात एका सिमवर जी साइट उघडत नाही ती दुसऱ्या सिमवर उघडते, असा अनुभव पुष्कळांना आला असेल.

आता प्रॉक्सी म्हणजे कोण? आमच्या समजुतीप्रमाणे तो अडत्या. समजा सुरतेच्या एका पेढीकडून थेट माल घेण्यास तुम्हाला मनाई आहे. तुम्ही इंदूरच्या अडत्याला निरोप देता, तो आपल्या नावाने माल उचलतो आणि तुमच्याकडे रवाना करतो. नाक्यावरचा शिपाई बिल्टी पाहतो, तिच्यावर इंदूरचे नाव, तो जाऊ देतो. वेब प्रॉक्सी हेच करते. तुम्ही बंद साइटकडे जात नाही, प्रॉक्सीच्या पानावर जाऊन तिचा पत्ता टाइप करता. प्रॉक्सीचा संगणक दुसऱ्या देशात असतो. तो साइट उघडतो आणि पान तुमच्यापुढे आणून ठेवतो. कंपनीला वाटते तुम्ही प्रॉक्सीकडे गेलात, साइटला वाटते प्रॉक्सीच आला.

व्हीपीएन हा याच अडत्याचा मोठा भाऊ. प्रॉक्सीच्या पानातून फक्त तेवढे एक पान जाते, व्हीपीएन चालू केले की फोनमधला सगळा माल त्याच्याच गोदामातून जातो. येथे एक बारकावा आहे आणि तो व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्हीपीएनवाल्याला तुम्ही कोणाकडे गेलात हे दिसते, पण ज्या साइटच्या पत्त्याशी कुलूप असते तिच्याशी तुमचे काय बोलणे झाले ते सहसा दिसत नाही, कारण ते पाकीट मोहोरबंद जाते. पानावरच्या फुकट वेब प्रॉक्सीचे तसे नाही. ती तुमच्या वतीने स्वतः साइट उघडते, म्हणजे पाकीट तिच्याच हातात फुटते. त्या पानात तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकलात तर ते अडत्याच्या वहीत उतरले असे समजावे. आमच्या ओळखीतील किती जण हे जाणून प्रॉक्सी वापरतात? आम्हीही जाणत नव्हतो.

हा विषय आपल्या बाजारात खऱ्या अर्थाने आला तो २०२० साली. त्याआधी प्रॉक्सी ही कॉलेजच्या पोरांची गंमत होती. संगणक कक्षात ऑर्कुट बंद असे, ते उघडण्यासाठी पोरे रोज नवी प्रॉक्सी शोधत आणि शिक्षक रोज ती बंद करत. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. २९ जून रोजी सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ५९ चिनी अॅप बंद केली. लोकांनी टिकटॉकची चर्चा केली. व्यापाऱ्याला लागले ते दुसरेच. त्या यादीत वुईचॅट होते, शीन आणि क्लब फॅक्टरी होते, आणि ज्याने आपण रोज बिलांचे फोटो काढून सी.ए.कडे पाठवत होतो ते कॅमस्कॅनरही होते. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला आणखी ४३ अॅप बंद झाली, त्यांत अलीएक्सप्रेस होते.

आरीकाम करणारे आपल्याकडचे कारागीर ज्या टिकल्या, मोती आणि लेस वापरतात त्यातील बराच माल चीनचा असतो, हे उघड गुपित आहे. आम्ही स्वतः २०१८ मध्ये एकदा चीनमध्ये शाओशिंगजवळच्या केचाओच्या कापडबाजारात जाऊन आलो. त्या बाजाराचे वर्णन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, संपूर्ण गुलमंडी तेथील एका इमारतीच्या एका मजल्यात बसेल. सांगायचे ते असे की तेथील चिनी व्यापारी वुईचॅटशिवाय दुसरे काही वापरत नाही, आणि आपले व्हॉट्सअॅप तेथे २०१७ पासून बंद. गूगल बंद, फेसबुक बंद. म्हणजे २०२० च्या जूननंतर स्थिती अशी झाली की त्याचे अॅप आपल्या देशात चालत नाही आणि आपले अॅप त्याच्या देशात चालत नाही. दोन्हीकडून तट, मध्ये लेसचा नमुना अडकलेला.

पोरांनी अर्थात सांगितले, व्हीपीएन लावा. लावले. तरी वुईचॅट उघडेना. पुढे उमगले की जुलै २०२० मध्ये वुईचॅटने भारतीय नंबरांची खातीच बाहेर काढली होती. दुकानदारानेच शटर ओढले असेल तर अडत्या काय करणार? व्हीपीएनने रस्ता मिळतो, उधारी किंवा ओळख मिळत नाही. अलीएक्सप्रेसचेही तसेच. प्रॉक्सीतून दुकान दिसे, भाव दिसे, पण माल भारतात पाठवण्याचा रकाना निवडता येत नसे. काचेतून मिठाई पाहावी तसे.

यावर ईमेल, म्हणजे अगदी जुना मार्ग, हाच शेवटी कामी आला. आणि केचाओच्या मुक्कामात एक गोष्ट अशी समजली की तिचा उपयोग कोणत्याही बंधूला व्हावा. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअॅप उघडत नव्हते, पण आपल्याच भारतीय सिमवर रोमिंग घेतले की उघडे. आम्हाला प्रथम तो चमत्कार वाटला. मागाहून कळले की रोमिंगचा डेटा तेथील रस्त्याने आपल्या भारतीय कंपनीकडे येतो आणि मग पुढे जातो, म्हणून त्याला तेथील तट आडवा येत नाही. चोरी नाही, छपवाछपवी नाही, बिल येते आणि बिलावर नाव असते. चीनला जाणाऱ्या पोराला आम्ही तेव्हापासून हेच सांगतो. रोमिंगचे पैसे फुकट प्रॉक्सीपेक्षा स्वस्त पडतात.

आता आमच्या नुकसानीची कथा. २०२२ च्या हिवाळ्यात, लग्नसराईच्या तोंडावर, एका गिऱ्हाइकाला एका विशिष्ट लेसचा नमुना हवा होता. भाच्याला तो अलीएक्सप्रेसवर शोधायचा होता. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या दुव्यावरून त्याने एक फुकट व्हीपीएन अॅप दुकानाच्या फोनवर चढवले. अॅपने परवानग्या मागितल्या. मेसेज वाचू का, पडद्यावर काय चालले आहे ते पाहू का, असे पाच-सहा प्रश्न. भाच्याने विचारलेही, "मामू, सब ओके करूं क्या?" आम्ही गिऱ्हाइकात गुंतलेलो, मान हलवली. नमुना सापडला, गिऱ्हाईक खूश झाले, आम्ही अॅप विसरून गेलो.

त्याच फोनवर बँकेचे अॅप आणि बँकेचे मेसेज. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दोन ते तीनच्या दरम्यान चार वेळा मिळून ६८,४०० रुपये खात्यातून गेले. फजरला उठलो तेव्हा फोनमध्ये एकही मेसेज शिल्लक नव्हता, खात्याचा उतारा पाहिला तेव्हा कळले. १९३० या नंबरवर तक्रार केली, तीत दिरंगाई केली नाही, म्हणून १९,००० रुपये वाटेत अडवले गेले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले ते गेले. पोलिसांकडील तरुण अंमलदाराने फोन हातात घेऊन पहिला प्रश्न केला, "हे अॅप कोणी टाकले?" अॅपनेच पैसे नेले असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. परंतु मेसेज वाचण्याची चावी दुसऱ्या कोणाला दिल्याचे आम्हाला आठवत नाही. भाचा तीन दिवस जेवला नाही. दोष त्याचा नव्हता, मान आम्ही हलवली होती.

रकमेपेक्षा एक गोष्ट आम्हाला अधिक झोंबली. त्या फोनमध्ये आमच्या गिऱ्हाइकांची यादी होती, कोणाकडे किती उधार आहे ते होते, तीन कारागिरांच्या घरच्या स्त्रियांचे नंबर होते, कारण दुपट्ट्याचे काम त्या घरी करतात. ती सगळी अमानत होती. पैसा आमचा होता, त्याचे दुःख आमचे. अमानत दुसऱ्याची होती.

फुकट अडत्या पोट कशावर भरतो, हा प्रश्न बाजारात जन्म काढलेल्या माणसाला पडायला हवा होता. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेच्या, सीएसआयआरओच्या, संशोधकांनी इतरांबरोबर २०१६ मध्ये अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन अॅप तपासली होती. त्यांतील ३८ टक्के अॅपमध्ये घातक सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्या, आणि १८ टक्के अॅप तर मालाला कुलूपच लावत नव्हती. होला नावाची फुकट सेवा वापरणाऱ्यांच्या इंटरनेटमधला वाटा परक्यांना विकते, हे २०१५ मध्ये उघड झाले. म्हणजे तुमच्या दुकानाच्या पत्त्यावरून कोण कुठे गेला याचा पत्ता तुम्हालाच नाही, आणि चौकशी आली तर ती तुमच्या दारात. फेसबुकच्या मालकीचे ओनावो हे व्हीपीएन तर लोक कोणती अॅप वापरतात याची खबर मालकाला पुरवत असे. २०१८ मध्ये अॅपलने आक्षेप घेतल्यावर ते त्यांच्या दुकानातून काढावे लागले.

कोणी म्हणेल, मग पैसे देऊन नामांकित व्हीपीएन घ्या. बरोबर आहे, आम्हीही तेच म्हणालो असतो. परंतु येथे सरकारच्या धोरणाबद्दल बोलणे अगत्याचे आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने फर्मान काढले की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, नंबर, त्याला दिलेला आयपी पत्ता हे सर्व पाच वर्षे जपून ठेवावे. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क, प्रोटॉन या नामांकित पेढ्यांनी त्यावर भारतातील आपली यंत्रे उचलली. जानेवारी २०२५ मध्ये गूगल आणि अॅपलच्या भारतातील अॅप दुकानांतून काही व्हीपीएन अॅप काढली गेली, त्यांत क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ हेही होते. गुन्हेगाराचा माग लागला पाहिजे हे आम्हाला मान्य आहे. पण परिणाम पाहा. ज्याचे नाव, पत्ता, अब्रू आहे तो अडत्या गाव सोडून गेला, आणि व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवणारा बिननावाचा मात्र राहिला. त्याला कोणाचे फर्मान?

व्हीपीएन वापरणे हा आपल्या देशात आपोआप गुन्हा नाही, हे येथे सांगून टाकतो, कारण याबद्दल बाजारात निष्कारण भीती आहे. २०१६ साली बंद साइट उघडली की पडद्यावर तीन वर्षांच्या कैदेचा इशारा येऊ लागला होता. ही साइट नुसती पाहिली तरी गुन्हा, असा त्याचा अर्थ होत होता. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केले की नुसते पाहणे हा गुन्हा नव्हे, आणि इशाऱ्याची भाषा बदलायला लावली. मात्र प्रत्येक ठिकाणी ही सवलत नाही. काश्मीरमध्ये २०२० च्या फेब्रुवारीत व्हीपीएनच्या गैरवापराबद्दल पोलिसांनी कडक कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. आणि आखातात कारागीर मुले पाठवणाऱ्या घरांनी तर कान उघडे ठेवावेत. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून बोलण्याची सोय बंद असते, म्हणून आई येथून सांगते, "बेटा, ते व्हीपीएन टाक ना." तेथील कायद्यात गुन्हा करण्यासाठी वा लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलल्यास कैद आणि पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड सांगितला आहे. बोलणे हा गुन्हा की नाही हा वाद तेथील वकिलांनी घालावा. महिना पंधराशे-दोन हजार दिरहम कमावणाऱ्या पोराने तो आपल्या अंगावर का घ्यावा? परवाना असलेले बोटिमसारखे अॅप तेथे आहे, आवाज थोडा फाटतो एवढेच.

आणखी एक गैरसमज. मे २०१८ मध्ये आपल्या शहरात दंगल झाली. शहागंज, राजाबाजार भागात दुकाने जळाली, दोन जीव गेले, आणि मोबाईल इंटरनेट बंद झाले. रमजान अवघ्या काही दिवसांवर होता. कापडवाल्याला रमजानपूर्वीचा आठवडा म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. त्या वेळीही पोरे म्हणत होती, व्हीपीएन लावा. लावून काय होणार? भिंत असेल तर अडत्या पलीकडे जातो. रस्ताच उखडला असेल तर अडत्यालाही पाय नाहीत. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद होते, तेव्हा पुन्हा तोच अनुभव. क्यूआर कोडचे फलक काउंटरवर नुसते उभे, आणि गिऱ्हाईक खिसे चाचपत परत. अशा दिवसासाठी गल्ल्यात सुटे पैसे आणि वहीत जागा ठेवावी, दुसरा इलाज नाही.

हिवाळ्यात शालींचे गठ्ठे घेऊन आमच्याकडे येणारा एक काश्मिरी व्यापारी आहे. त्याने सांगितलेले आम्ही विसरलेलो नाही. ५ ऑगस्ट २०१९ नंतर तेथे इंटरनेट बंद झाले, तेव्हा जीएसटीचे विवरण भरण्यासाठी तो सरकारी केंद्रात रांगेत उभा राहत असे. २०२० च्या जानेवारीत इंटरनेट परत आले ते टूजीच्या गतीने, आणि तेही सरकारने मंजूर केलेल्या ३०१ साइटपुरते. तेथे तट उलटा होता. आपल्याकडे सगळे उघडे आणि काही बंद, तेथे सगळे बंद आणि काही उघडे. फोरजी आले ५ फेब्रुवारी २०२१ ला. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला शालीचा फोटो पाठवायला अर्धा तास लागे, आणि तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याचा होई.

आता मूळ तक्रार. काही साइट बंद करण्याचा अधिकार सरकारला असावा की नसावा, या वादात आम्ही पडत नाही. असावा असेच आमचे मत आहे. २०२० च्या बंदीबद्दलही आमची कुरकुर नाही, जवानांपुढे लेसचे दुःख सांगण्याचे आम्हाला भान आहे. पण महानगरपालिका एखादे दुकान सील करते तेव्हा शटरवर कागद चिकटवते. त्यावर कलम असते, तारीख असते, अधिकाऱ्याची सही असते. तो कागद घेऊन वकिलाकडे जाता येते. साइट बंद होते तेव्हा बहुतेक वेळा असा कागद नसतो. पडद्यावर कधी एक ओळ येते, कधी तीही नाही, नुसते चाक फिरत राहते. मग आपण समजतो इंटरनेट खराब आहे, आणि पोरगा म्हणतो प्रॉक्सी डालो.

कलम ६९ अ खालच्या २००९ च्या नियमांत सोळावा नियम आहे. तक्रारी आणि त्यांवरील कारवाई गुप्त ठेवावी असे तो सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात ६९ अ कायम ठेवले, आणि ठेवण्याचे एक कारण असे की आदेशात कारणे लेखी द्यावी लागतात, म्हणून त्याला आव्हान देता येते. जो कागद पाहायलाच मिळत नाही त्याला आव्हान कसे द्यावे? तेच न्यायालय १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन यांच्या खटल्यात म्हणाले की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत. म्हणजे रस्ता उखडला तर त्याचा कागद मिळण्याचा हक्क आहे, एका दुकानाला कुलूप लागले तर नाही. ही विसंगती आमच्या अल्पबुद्धीला उलगडत नाही.

चूक होत नाही असेही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी प्रचार रोखण्यासाठी महाराष्ट्र एटीएसच्या अर्जावरून मुंबईच्या न्यायालयाच्या आदेशाने ३२ साइट बंद झाल्या. हेतू रास्त होता. पण त्यांत इंटरनेट अर्काइव्ह हे जुन्या पुस्तकांचे भांडारही होते, व्हिमिओ होते, प्रोग्रामर लोकांचे गिटहब होते. टीका झाली, काही दिवसांत त्यांतील काही उघडल्या. अर्काइव्ह पुन्हा ऑगस्ट २०१७ मध्ये बंद झाले, या वेळी चित्रपटांच्या हक्कांच्या दाव्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने. आमच्यासारखा उर्दू शिकलेला माणूस रात्री दुकान बंद करून तेथे जुनी उर्दू पुस्तके वाचतो. हिमरू विणणाऱ्याला जुन्या नक्षीची चित्रे तेथील ग्रंथांत सापडतात. त्यांचा चित्रपटाशी काय संबंध? स्पेनमध्ये २०२५ च्या फेब्रुवारीपासून फुटबॉलचे चोरटे प्रक्षेपण रोखण्यासाठी सामन्याच्या वेळी क्लाउडफ्लेअरचे काही आयपी पत्ते बंद केले जातात, आणि त्याच पत्त्यांवर असलेल्या निरपराध दुकानांच्या साइटही त्या वेळी उघडत नाहीत. इंटरनेटवर एका पत्त्यावर शेकडो दुकाने असतात, जसे एका हवेलीत शंभर गाळे. एका गाळ्यात चोर सापडला म्हणून हवेलीचा दरवाजा लावला, तर शनिवारी संध्याकाळी बाकीच्यांनी काय करावे?

आणि मोठ्यांना दरवाजा सापडतोच. २०२० च्या यादीतील शीन २०२५ च्या फेब्रुवारीत रिलायन्सच्या परवान्याखाली भारतात परत आले. आम्हाला त्यांचा हेवा नाही, त्यांनी वाट कायद्याने काढली. छोट्या व्यापाऱ्याला ती वाट विचारायची कोठे, एवढेच आम्ही विचारतो. त्याच्यासाठी खिडकी नाही, म्हणून तो चोरदरवाजाने जातो आणि तेथे लुटला जातो.

आमच्या दुकानात आता व्यवस्था अशी आहे. बँक, जीएसटी, यूपीआय आणि गिऱ्हाइकांची यादी ज्या फोनवर आहे त्यावर प्रॉक्सी नाही, व्हीपीएन नाही, बाहेरून आलेल्या दुव्यावरचे कोणतेही अॅप नाही. शिवाय व्हीपीएन चालू ठेवून बँकेत शिरले तर बँकेला तुम्ही दुसऱ्या देशातून आल्यासारखे दिसता आणि खाते अडकू शकते, हा वेगळा त्रास. नमुने पाहण्यासाठी एक जुना फोन ठेवला आहे, त्यात सिम नाही, आमचा ईमेल नाही, तो वायफायवर चालतो. त्यावर पैसे देऊन घेतलेले व्हीपीएन आहे, भाव पाहायचा, डिझाइन पाहायचे, बंद करायचा. त्यात कधीही पासवर्ड टाकायचा नाही, ही भाच्याला ताकीद. तो हसतो, पण पाळतो. कॅमस्कॅनरच्या जागी दुसरी स्कॅनरची अॅप फुकट मिळतात, त्यासाठी बंद अॅप शोधत फिरण्याची गरज नाही.

राहिला कागदाचा प्रश्न. बंद साइटच्या जागी किमान एक पान यावे, त्यावर कोणाच्या आदेशाने, कोणत्या तारखेस, कोणत्या कलमाखाली आणि तक्रार कोठे करावी एवढ्या चार ओळी असाव्यात, असे निवेदन आमच्या कापड व्यापाऱ्यांच्या पुढच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत. हवेत बोलून उपयोग नाही, उदाहरणे हवीत. ज्या बंधूंच्या कामाची एखादी साधी साइट, मालाची, नमुन्यांची, पुस्तकांची, कारण न कळता उघडेनाशी झाली असेल त्यांनी तिचा पत्ता, तारीख, कोणत्या कंपनीचे सिम होते, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ती उघडते का, एवढे एका कागदावर लिहून आणावे. उर्दूत लिहिले तरी चालेल, मराठीत आम्ही करून घेऊ.